एल्गार पुन्हा, की फाउल्ड्स एकदा तरी?

कालिदासाचं ‘मेघदूत’ एका इंग्रज संगीतकारानं समूहगायन आणि वाद्यवृंदासाठी रचलं होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याचं नाव गुस्टाव्ह होल्स्ट. संस्कृत शिकायला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला, ऋग्वेदातल्या सूक्तांची स्वतः भाषांतरं करून त्यांना चाली दिल्या, ‘सावित्री’ नावाचा छोटेखानी ऑपेरा लिहिला. त्याचं मेघदूत, म्हणजे ‘द क्लाउड मेसेंजर’, १९१३ साली लंडनमध्ये सादर झालं आणि पडलं. त्याचं रेकॉर्डिंग व्हायला १९९० साल उजाडलं. सत्त्याहत्तर वर्षं! याच होल्स्टनं १९१४ मध्ये वाद्यवृंदासाठीचं ‘द प्लॅनेट्स’ लिहायला घेतलं. त्याची रेकॉर्डिंगं आज इतकी आहेत की मोजायला बसलं तर दिवस जाईल.

मेघदूत रेकॉर्ड करणारी कंपनी होती शँडॉस. २०२४ मध्ये ती नॅक्सॉस या कंपनीचे संस्थापक क्लाउस हायमन यांच्या ताब्यात गेली. त्याआधीच्या वर्षी हायपेरियन ही तशीच मानाची ब्रिटिश कंपनी युनिव्हर्सलनं विकत घेतली आणि स्वीडनची बीआयएस अॅपलनं. या बातम्या व्यापाराच्या पानावर आल्या आणि विरल्या. पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत मनापासून ऐकणाऱ्यांच्या पोटात तेव्हापासून एक गोळा आहे: यापुढे कुणी मेघदूतासारखं काही काढणार आहे, की नुसतेच आणखी दहा ‘प्लॅनेट्स’ येणार? शीर्षकातला एल्गार म्हणजे सगळे वाजवतात तो इंग्रज संगीतकार, आणि फाउल्ड्स म्हणजे विसरला गेलेला.

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. म्हणून जरा पायापासून सुरुवात करू.

लेबल म्हणजे कोण?

रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला त्या धंद्यात ‘लेबल’ म्हणतात. तबकडीच्या मधोमध चिकटवलेला जो गोल कागद असतो, त्यावरून ते नाव पडलं. आपल्या घरातल्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवर ज्या कागदावर एचएमव्हीचा कुत्रा बसलेला असायचा, तोच हा कागद. एडवर्ड एल्गार १९१४ पासून याच एचएमव्हीसाठी स्वतःच्या रचना रेकॉर्ड करत होता, आणि १९३१ साली लंडनचा अॅबी रोड स्टुडिओ उघडला तोही त्याच्याच हस्ते.

लेबलचं काम पुस्तकाच्या प्रकाशकासारखं. काय काढायचं ते ठरवायचं, पैसे घालायचे, माल लोकांपर्यंत पोचवायचा. प्रकाशकाला माहीत असतं की परीक्षेची मार्गदर्शकं खपतात आणि कवितासंग्रह गोदामात राहतात. तरी काही प्रकाशक कविता काढतातच. लेबलांचंही तसंच आहे. फरक एवढाच, की कवितासंग्रह छापायला ऐंशी माणसं एका दिवशी एका खोलीत जमवावी लागत नाहीत.

अनवट राग आणि ऐंशी वादक

क्वचित गायल्या जाणाऱ्या रागाला आपण ‘अनवट’ म्हणतो. फार नेमका शब्द आहे, आणि या लेखात मी तो विस्मृतीत गेलेल्या ब्रिटिश रचनांसाठी वापरणार आहे. जयपूर-अत्रौली घराण्याची तर अनवट राग ही ओळखच. पण आपल्याकडे अनवट राग गायला खर्च जास्त येत नाही. यमनला जो तंबोरा लागतो तोच त्यालाही लागतो. कष्ट असतात ते गायकाच्या तालमीचे.

वाद्यवृंदाचं तसं नाही. एखादी सिम्फनी, म्हणजे सबंध वाद्यवृंदासाठी लिहिलेली तीन-चार भागांची मोठी रचना, वाजवायची तर प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्याचा वेगळा कागद लागतो. त्याला ‘पार्ट’ म्हणतात. एल्गारच्या रचनांचे छापील, शंभरदा तपासलेले पार्ट तयार असतात. अनवट रचनेचं हस्तलिखित कुठल्या तरी ग्रंथालयात किंवा कुणाच्या नातवंडांच्या घरी असतं. ते आधी वाचायचं, चुका सोडवायच्या, त्यातून प्रत्येक वाद्याचा पार्ट काढायचा. रेकॉर्डिंगला कुणी बसण्याआधीच कित्येक महिने आणि बराच पैसा यात जातो.

पुढचा खर्च वेळेचा. ब्रिटनमध्ये तीन तासांच्या एका सत्रातून साधारण वीस मिनिटांचं पक्कं संगीत मिळतं असा हिशेब धरतात. ‘प्लॅनेट्स’ वादकांच्या हातात मुरलेलं असतं. जी रचना त्यांच्यापैकी एकानंही पूर्वी पाहिलेली नाही, तिची आधी ओळख करून घ्यावी लागते, आणि घड्याळ तर चालूच असतं.

तिसरी बाब बहुतेकांना उलटी वाटते. ब्रिटनमध्ये संगीतकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं रचनेवर स्वामित्वहक्क राहतो. एल्गार आणि होल्स्ट दोघंही १९३४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं संगीत २००५ पासून तिथे मोकळं आहे. पण हॅवर्गल ब्रायन १९७२ मध्ये गेला, रूथ गिप्स १९९९ मध्ये. त्यांच्या रचना काढायच्या तर आजही पैसे मोजावे लागतात. म्हणजे जे खपतं ते फुकट, आणि ज्याला गिऱ्हाईक नाही त्याची किंमत द्यायची.

रचना तीनशे वर्षं जुनी असली तरी सुटका होईलच असं नाही. हायपेरियननं लालांद या जुन्या फ्रेंच संगीतकाराच्या रचना काढल्या, तेव्हा त्यांची वाजवण्याजोगी प्रत तयार करणाऱ्या संपादकानं त्या प्रतीवर स्वतःचा हक्क सांगितला. २००५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल संपादकाच्या बाजूनं दिला आणि कोर्टखर्चानं ही छोटी कंपनी पार कोलमडायच्या बेतात आली. संपादकाचे कष्ट खरे होते, हे मला मान्य आहे. पण त्या निकालानंतर अनवट रचनेला हात घालताना प्रत्येक छोट्या लेबलचा हात थरथरला असणार.

मग सगळे एल्गारच का काढत नाहीत?

स्टेशनबाहेर वडापावच्या दहा गाड्या आहेत. अकरावी लावायची, की गल्लीत पातोळ्यांचं एकुलतं एक दुकान काढायचं? वडापावला गिऱ्हाईक भरपूर, पण ते दहा जणांत वाटलेलं. पातोळ्या मागणारा दिवसातून एखादा, पण तो तुमच्याकडेच येणार.

एखादी तरुण चेलोवादक आज एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो रेकॉर्ड करते (चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, आणि कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्याभोवती वाद्यवृंद), तेव्हा तिची स्पर्धा शेजारच्या लेबलशी नसते. ती असते जॅकलिन द्यु प्रेनं १९६५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, बार्बिरोली या कंडक्टरच्या, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाच्या, साथीनं केलेल्या रेकॉर्डिंगशी. ते रेकॉर्डिंग आजही विकलं जातं. मोठ्या कंपनीकडे असला जुना साठा असतो, त्यामुळे तिला नव्याची घाई नसते. छोट्या लेबलकडे साठा नसतो. दुसऱ्या कुणी काढलेलं नाही ते काढणं, हाच त्याचा मार्ग.

हायपेरियनचंच बघा. टेड पेरी यांनी १९८० मध्ये ती सुरू केली आणि ती चालावी म्हणून ते स्वतः टॅक्सी चालवत. त्यांची अगदी पहिली तबकडी फिन्झी आणि स्टॅनफर्ड यांच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोंची होती. दोघंही ब्रिटिश, आणि तेव्हा दोघंही बाजारात फारसे न मिळणारे.

मधली वाटही असते, आणि ती आपल्या मैफलीत आपण रोज बघतो. बुवा आधी अनवट राग मांडतात आणि ज्यासाठी अर्धं सभागृह थांबलेलं असतं ते नाट्यपद शेवटी गातात. स्टीव्हन इसरलिस यांची २०१६ ची हायपेरियनची तबकडी अशीच आहे. तिच्यात एल्गार आणि वॉल्टन यांचे कॉन्चेर्टो आहेत. त्यांच्याच शेजारी होल्स्टचं ‘इन्व्होकेशन’ आणि त्याची मुलगी इमोजेन होल्स्ट हिची एकट्या चेलोसाठीची रचना बसवली आहे. एल्गारसाठी आलेला माणूस इमोजेनला भेटून जातो.

ओळखीचंही एकदा अनोळखी होतं

मला या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही.

एल्गारच्या चेलो कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग २७ ऑक्टोबर १९१९ रोजी झाला आणि तो फसला. कार्यक्रमातल्या इतर रचनांच्या कंडक्टरनं तालमीचा वेळ खाल्ला, एल्गारच्या वाट्याला उरलासुरला आला, वादक चाचपडत वाजवत राहिले. पुढे ही रचना रेकॉर्ड झाली, वाजत राहिली, जाणकारांना आवडली. पण संगीताशी एरवी संबंध नसलेल्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी आणणारी म्हणून ती घरोघर पोचली ती द्यु प्रेच्या तबकडीमुळे. रचनेतला एक स्वरही १९१९ पासून बदलला नव्हता.

तेव्हा ‘ओळखीचं’ आणि ‘विसरलेलं’ या रचनेच्या अंगच्या जाती नाहीत. चांगला प्रयोग, चांगलं रेकॉर्डिंग, आणि ते पुन्हा पुन्हा कानावर पडण्याची संधी, यांतून ओळख तयार होते. लेबलं ओळखीचं विकतात हे खरं. पण ते ओळखीचं झालं ते बरंचसं लेबलांमुळेच.

एड्रियन बोल्ट हा कंडक्टर दोन्ही बाजूंना उभा होता. १९१८ मध्ये ‘प्लॅनेट्स’चा पहिला प्रयोग त्यानंच केला आणि पुढच्या साठ वर्षांत ती रचना पाच वेळा रेकॉर्ड केली. हाच बोल्ट म्हातारपणी लिरिटा नावाच्या एका लहान लेबलसाठी मोरन, आयर्लंड, बॅक्स, पॅरी असे संगीतकार रेकॉर्ड करत होता, जे मोठ्या कंपन्यांच्या यादीत क्वचितच दिसायचे.

बर्नहॅमच्या घरातली खोली

या लिरिटाबद्दल थांबून सांगायलाच हवं. बकिंगहॅमशर परगण्यात बर्नहॅम नावाचं गाव आहे. तिथे रिचर्ड इटर नावाच्या गृहस्थानं १९५९ मध्ये घरच्या संगीताच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू केलं. सुरुवातीला पियानो आणि लहान रचना. तबकड्या टपालानं वर्गणीदारांना जायच्या. ब्रिटिश संगीतकारांना वाहिलेलं लेबल, एवढंच धोरण. पुढे डेक्का या मोठ्या कंपनीचे तंत्रज्ञ घेऊन मोठ्या वाद्यवृंदाची रेकॉर्डिंगं झाली. आवाज इतका सुंदर, की साठ वर्षांपूर्वीच्या त्या तबकड्या रसिक आजही शोधत असतात.

इटर घाई करत नसत. काही रेकॉर्डिंगं वर्षानुवर्षं कपाटात राहिली. पण त्याच वेळी ते आणखी एक काम गुपचूप करत होते: बीबीसीवर प्रसारित होणारे प्रयोग घरी उत्तम यंत्रांवर टिपून ठेवणं. कित्येक ब्रिटिश रचनांचा एखादाच प्रयोग झाला, तो हवेत विरला, आणि त्याची प्रत उरली ती फक्त या घरात. २०१४ मध्ये इटर वारले. तो साठा आता तबकड्यांच्या रूपानं बाहेर येतो आहे. एका माणसाच्या हट्टामुळे किती वाचलं, हे बघून माझा ऊर भरून येतो.

“चांगलं असतं तर विसरलं कशाला गेलं असतं?”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विसरलेल्यांपैकी बऱ्याच रचना खरोखर सामान्य आहेत. मी अशा कितीतरी तबकड्या मोठ्या आशेनं लावल्या आणि मध्येच काढून ठेवल्या. पण विसरण्याची कारणं तपासली तर त्यांतली बरीचशी संगीताबाहेरची निघतात.

रटलंड बॉटनचा ‘द इमॉर्टल अवर’ हा ऑपेरा १९२२ मध्ये लंडनला सलग २१६ वेळा झाला. ऑपेरासाठी हा आकडा अचाट आहे. १९२६ मध्ये देशभर संप पेटला असताना बॉटननं येशूजन्मावरचं आपलं नाटक आधुनिक वेशात केलं. त्यात येशू खाणकामगाराच्या झोपडीत जन्मला आणि दुष्ट राजा हेरोद उंच टोपीतला भांडवलदार झाला. आश्रयदाते चिडले, ग्लॅस्टनबरीतली त्याची नाट्यसंस्था बुडाली, आणि संगीतकारही मागे पडला. ‘इमॉर्टल अवर’ रेकॉर्ड व्हायला १९८३ उजाडलं. ते काम हायपेरियनचं.

जॉर्ज लॉइड दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाजावर होता, तिथून मनानं पार मोडून परतला. डॉर्सेटमध्ये फुलं आणि अळंबी पिकवून पोट भरायचा आणि पहाटे उठून सिम्फनी लिहायचा. १९५९ नंतर बीबीसीच्या संगीत विभागाचा ओढा नव्या युरोपीय प्रयोगांकडे होता आणि चाल असलेलं, जुन्या वळणाचं संगीत मागे पडलं. १९६१ ची त्याची आठवी सिम्फनी प्रसारित झाली १९७७ मध्ये. ती तबकडीवर आणली पुन्हा लिरिटानंच.

हॅवर्गल ब्रायननं बत्तीस सिम्फनी लिहिल्या. त्याचं संगीत असलेली पहिली विक्रीची तबकडी कुणी वाजवली असेल? लीस्टरशरच्या शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदानं! साल १९७२, ब्रायन तेव्हा ९६ वर्षांचा, आणि त्याच वर्षी तो गेला. मोठमोठ्या वाद्यवृंदांनी जे केलं नाही ते शाळेतल्या पोरांनी करून दाखवलं.

आणि स्त्रिया. एथेल स्माइथचं ‘द प्रिझन’ १९३० चं. ते शँडॉसनं २०२० मध्ये काढलं तेव्हा त्याला ग्रॅमी मिळालं, आणि वाजवणारे ब्रिटिश नव्हते, न्यूयॉर्कचे होते. रूथ गिप्सच्या वाद्यवृंदरचनांचे खंड शँडॉस २०१८ पासून काढते आहे. या दोघींच्या रचना वाईट होत्या म्हणून पडून राहिल्या, असं त्या ऐकल्यावर कुणी म्हणेल असं मला वाटत नाही.

पैसे कोण घालतं?

खपावर हे भागत नाही. मग?

एक उत्तर फार सुंदर आहे. राल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकारानं १९५६ मध्ये आपल्या रचनांच्या मानधनातून एक न्यास स्थापन केला. त्याचं मुख्य काम दुसऱ्या, कमी प्रसिद्ध ब्रिटिश संगीतकारांना मदत करणं. व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची त्याची ‘द लार्क असेंडिंग’ ब्रिटनमधल्या श्रोत्यांच्या आवडीच्या यादीत वर्षानुवर्षं अग्रभागी असते. ती वाजली की काही पैसे न्यासाकडे (२०२२ पासून व्हॉन विल्यम्स फाउंडेशनकडे) जातात आणि त्यातून कुणाची तरी न ऐकलेली सिम्फनी उभी राहते. होल्स्टच्या बाबतीतही तेच झालं. ‘प्लॅनेट्स’च्या मानधनावर होल्स्ट फाउंडेशन उभं राहिलं आणि त्याच्या बळावर १९८९ मध्ये एनएमसी हे नव्या ब्रिटिश संगीताचं लेबल निघालं.

तेव्हा ‘ओळखीचं की अनवट’ हे भांडण मला पटत नाही. इथे ओळखीचं अनवटाचा पोशिंदा आहे. पण या सोयीला मुदत आहे. व्हॉन विल्यम्स १९५८ मध्ये गेला, म्हणजे ब्रिटनमधला त्याचा हक्क २०२८ अखेर संपेल. तो झरा आटल्यावर काय, ही काळजी खरी आहे.

दुसरा आधार बीबीसीच्या वाद्यवृंदांचा. तिथले वादक पगारी. रचना रेडिओवरही जाते आणि तबकडीवरही, त्यामुळे खर्च वाटला जातो. गिप्सचे खंड असेच झाले. २०२३ मध्ये या वाद्यवृंदांतल्या पगारी जागा कमी करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो फक्त नोकऱ्यांचा प्रश्न नव्हता, हे आता लक्षात येईल. याशिवाय एकेका संगीतकाराच्या चाहत्यांची मंडळं वर्गणी काढतात. व्हॉन विल्यम्सच्या मंडळाचं तर स्वतःचं लेबल आहे, आल्बियन नावाचं.

“आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग अडचण काय?”

मिळतं ते, जे आधी कुणीतरी रेकॉर्ड केलंय. ऐंशी वादकांचा खर्च मोबाइलनं कमी केलेला नाही. कमी झालं ते उत्पन्न. स्ट्रीमिंगचा हिशेब ‘किती वेळा वाजलं’ यावर चालतो. तीन मिनिटांचं गाणं ऐकलं की एकदा, वीस मिनिटांचा सिम्फनीचा भाग ऐकला तरी एकदाच. हायपेरियननं म्हणूनच २०२३ पर्यंत आपलं संगीत स्ट्रीमिंगवर टाकायचं टाळलं होतं. युनिव्हर्सलकडे गेल्यावर ते टप्प्याटप्प्यानं आलं. श्रोता म्हणून मला त्याचा फायदाच झाला, हे नाकारत नाही. पुण्यात किंवा मडगावात बसून जे मागवायला महिना लागायचा ते आता क्षणात लागतं. पण मोठ्या मालकाला तयार साठा हवा असतो. पुढची अनवट तबकडी काढायला तो पैसे देईल का, हे येत्या काही वर्षांच्या याद्यांवरून दिसेल.

दिल्लीतला फाउल्ड्स

शीर्षकातल्या माणसाकडे येतो. जॉन फाउल्ड्स, जन्म १८८० चा, मँचेस्टरचा. पहिल्या महायुद्धातल्या सर्व देशांच्या मृतांसाठी त्यानं ‘अ वर्ल्ड रिक्विम’ लिहिलं. १९२३ च्या युद्धविराम दिनी ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिल्यांदा झालं, १९२६ पर्यंत दर वर्षी होत राहिलं, मग बंदच पडलं. शँडॉसनं ते २००७ मध्ये त्याच सभागृहात प्रत्यक्ष प्रयोगातून रेकॉर्ड केलं, मध्ये ऐंशी वर्षं गेल्यावर.

फाउल्ड्सची पत्नी मॉड मॅकार्थी भारतीय संगीताची जाणकार होती. १९३५ मध्ये दोघं भारतात आले. फाउल्ड्स दिल्लीत ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, भारतीय वादकांचा वाद्यवृंद बांधायला लागला, ‘सिम्फनी ऑफ ईस्ट अँड वेस्ट’ लिहिली. १९३९ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याला बदली झाल्या झाल्या कॉलऱ्यानं तो गेला. त्या सिम्फनीचे कागद हरवले आहेत.

जे उरलं त्यातलं ‘थ्री मंत्राज’ मात्र ऐकता येतं. संस्कृत विषयावरचा एक ऑपेरा त्यानं सोडून दिला, त्याच्या तीन अंकांच्या या प्रस्तावना. लिरिटानं त्या नव्वदच्या दशकात काढल्या, नंतर बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदानं सकारी ओरामोच्या हाताखाली. मधला मंत्र लावा, दिवे मालवून. शब्द नसलेले बायकांचे आवाज लांबून कुठून तरी येतात आणि तसेच लांब निघून जातात. मी तो पहिल्यांदा ऐकला त्या रात्री लगेच पुन्हा लावला होता.